पुतळ्याची नाडी

"काका, लागतेय का नाडी?" मॅडमनी विचारलं.

"लागतेय की. चांगली ठणठणीत आहे. अठ्ठ्याऐंशी."

सगळा वर्ग हसायला लागला, कारण काकांनी धरलेला हात टेबलावर झोपवलेल्या रबरी पुतळ्याचा होता. मॅडमनी फक्त नाडीची जागा दाखवायला सांगितली होती. काका म्हणजे उत्साही प्राणी, त्यांनी घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजलीसुद्धा.

मॅडमही हसल्या, पण जवळ येऊन त्यांनी काकांची पकड पाहिली. "अंगठ्यानं धरलीत ना?"

"मग कशानं धरायची? बावीस वर्षं अशीच धरतोय."

"अंगठ्यात आपली स्वतःची ठोके देणारी धमनी असते, काका. दाबून धरलं की आपलेच ठोके आपल्याला लागतात. पहिली दोन बोटं वापरायची, आणि तीही हलकी. ही नाडी तुमची आहे. जिना धावत चढलात वाटतं."

पुन्हा हशा पिकला. काकांना राग आला नाही. ते अंगठ्याकडे बघत राहिले, जणू घरातल्याच माणसानं इतकी वर्षं काहीतरी लपवून ठेवलं होतं.

काका रुग्णवाहिकेवर मदतनीस होते. स्ट्रेचर उचलायचं, ऑक्सिजनची नळी लावायची, नातेवाइकांना धीर द्यायचा, एवढं काम. ते करता करता बाकीचं बघून बघून शिकले. आता नवा नियम निघाला होता की प्रमाणपत्र नसेल त्यानं पेशंटजवळ बसायचं नाही. म्हणून त्रेपन्नाव्या वर्षी ते विशीतल्या अठरा पोरापोरींबरोबर बाकावर येऊन बसले. आले ते तोंड वाकडं करून, पण आठवडाभरात त्यांना या विद्येची चटक लागली. श्वासनलिका पुढे असते आणि अन्ननलिका तिच्या मागे. हृदय आपण समजतो तितकं डावीकडे नसून छातीच्या जवळजवळ मधोमध असतं. पावलाच्या वरच्या बाजूलासुद्धा नाडी लागते. इतकी वर्षं आपण खोकी वाहिली आणि आत काय भरलंय ते एकदाही विचारलं नाही, असं त्यांना वाटायचं. ते इतके प्रश्न विचारत की मॅडमचा चहा रोज गार व्हायचा. अर्धवट कळलेली गोष्ट त्यांच्या पोटात राहतच नसे.

त्यामुळे मधल्या सुट्टीत त्यांनी अंगठ्याची परीक्षाच घ्यायला काढली. बाकाच्या कडेला अंगठा दाबून धरला तर बाकाला नाडी होती. पाण्याच्या बाटलीला होती, खडूच्या डब्याला होती. शेजारच्या मुलीला त्यांनी बोलावून दाखवलं, तिनंही करून पाहिलं आणि दोघं हसून बेजार झाले. मग काकांनी खिडकीचा गार लोखंडी गज धरला. तोही ठकठक करत होता. तो गारवा बोटांना लागला आणि काकांचं हसू जागच्या जागी थांबलं.

दादाचा हात असाच गार लागला होता.

अकरा वर्षं झाली होती त्याला. थोरला भाऊ जेवताजेवता कोसळला आणि काकांचीच रुग्णवाहिका जवळ होती. वीस मिनिटांचा रस्ता होता. गाडीत काका, वहिनी आणि आडवा पडलेला दादा. काकांनी मनगट धरलं, अंगठ्यानं, घट्ट. "नाडी आहे वहिनी, आहे, तुम्ही बोलत राहा," असं ते वाटभर सांगत होते, आणि वहिनी बोलत होत्या. दाराला कुठला रंग लावायचा यावरून नवराबायकोत तीन दिवस अबोला होता. तो मोडून वहिनी कायकाय बोलल्या. हॉस्पिटलच्या दारात डॉक्टरांनी तपासलं आणि "गेले" एवढंच म्हणाले. कधी, ते कुणी विचारलं नाही. काकांनी सांगितलं की दारापर्यंत होती नाडी. तेव्हापासून वहिनी भेटेल त्याला एकच सांगत: माझं सगळं ऐकून गेले.

वर्ग सुटल्यावर काका मॅडमपाशी घुटमळले. "मॅडम, समजा कुणी नाडी आहे म्हणून छाती दाबलीच नाही. आणि नाडी खरं तर नव्हतीच. तर ते मागाहून कळतं का?"

मॅडमनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्या काकांपेक्षा वीस वर्षांनी लहान होत्या, पण त्यांनी असे प्रश्न पूर्वी ऐकले असावेत. "नाही कळत, काका. असेलही, नसेलही. मागे जाऊन मोजता येत नाही. आणि तुम्हाला कुणी शिकवलं होतं तेव्हा?"

"कुणी नाही."

"मग झालं तर."

पण काकांचं काही झालं नव्हतं. बायकोनं ऐकल्यावर स्पष्ट सांगितलं की गप्प बसा, वहिनींजवळ तेवढंच एक उरलंय, ते कशाला काढून घेता. तिचं म्हणणं बरोबर होतं. काकांनी ते चार दिवस मानलंही. पाचव्या दिवशी रविवार होता. दुपारी ते वहिनींच्या दारात उभे राहिले.

वहिनी सोफ्याच्या गाद्यांची कव्हरं शिवायच्या. खोलीभर फोमचे तुकडे पडलेले असत आणि मशिनपाशी जायला पाऊल जपून टाकावं लागे.

"या भाऊजी. परीक्षा कधी आहे? अभ्यास सोडून हिंडताय ते."

"अभ्यासाचंच आहे," असं म्हणून काका स्टुलावर बसले आणि त्यांनी सांगून टाकलं. पुतळ्यापासून सुरुवात केली. वहिनी आधी हसल्या. मग शिवणं थांबलं. काका गाडीपर्यंत पोचले तेव्हा वहिनींचा पाय मशिनच्या पायडलवरून खाली आला होता.

"म्हणजे ती तुमची नाडी होती?"

"असेल. नक्की कुणालाच सांगता येणार नाही. पण बहुतेक माझीच."

"आणि नाडी नसती तर काय करायचं होतं?"

"छाती दाबायची होती. जोरात, पोचेपर्यंत. मी हात धरून बसलो."

"दाबली असती तर?"

खोटं बोलायला इथे भरपूर जागा होती. "दहातला एखादा वाचतो म्हणतात," काका म्हणाले. "तेही लगेच दाबली तर."

"एखादा."

"हो."

वहिनींनी मशिनवरचं कापड काढलं, घडी घातली, पुन्हा उलगडलं. "हे का सांगितलंत मला?"

"मला एकट्याला माहीत असताना तुमच्यासमोर बसवलं नसतं."

"म्हणजे तुमच्यासाठी सांगितलंत."

ते खरंच होतं आणि त्यांची मान खाली गेली. आयुष्यात इतकं लाजिरवाणं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"आणि मी बोलले ते?" वहिनींनी विचारलं. आवाज अगदी साधा होता, दुकानात भाव विचारावा तसा.

"त्यानं ऐकलं की नाही, माहीत नाही. मी ऐकलं, वहिनी. शब्दन् शब्द ऐकला."

"तुम्हाला कुठे सांगत होते मी."

आता उठावं, असं काकांच्या मनात आलं. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "कसं दाबतात?"

"काय?"

"छाती. कसं दाबतात ते दाखवा."

काकांनी फोमचा एक जाड तुकडा जमिनीवर ठेवला. गुडघे टेकले, एका तळव्यावर दुसरा ठेवला, कोपरं ताठ केली, वर्गात दाखवलं होतं तसं. "इथे मधोमध, हाडावर. दोन इंच खाली जायला हवं. मग पूर्ण वर येऊ द्यायचं. मिनिटाला शंभराच्या वर. तीस वेळा झालं की थांबायचं, तोंडातून दोन श्वास द्यायचे, पुन्हा तीस."

"सरका," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी पदर खोचला आणि गुडघ्यांवर बसल्या. वर्षानुवर्षं कात्री चालवलेले हात होते ते, पहिल्याच दाबाला फोम दोन इंच खाली गेला. वर्गातल्या निम्म्या पोरांना पंधरवड्यात जमलं नव्हतं ते त्यांना लगेच जमलं.

"बरोबर आहे?"

"बरोबर आहे. थोडं भरभर. मी मोजतो."

काका मोजू लागले. दहा, अकरा, बारा. वहिनींचं कपाळ घामानं भिजलं. वीस. अंबाडा सुटून मानेवर आला, तो सावरायला त्यांनी हात काढला नाही. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.

"तीस झाले, वहिनी. आता थांबून श्वास द्यायचा."

वहिनी थांबल्या नाहीत. फोमकडे बघत त्या दाबत राहिल्या, एका लयीत, कोपरं ताठ ठेवून. मग काका त्यांच्या शेजारी जमिनीवर नीट मांडी घालून बसले.

"एकतीस," काका म्हणाले. "बत्तीस. तेहतीस."