माझ्या निधनाचं कार्ड

माझ्या भाच्यानं, यज्ञेश्वरनं, शेहेचाळीस साली मला मारलं ते एका सहीसाठी.

हा संगमनेरच्या शाळेत मास्तर, आणि नाद काय, तर पुढाऱ्यांची सही असलेली पत्रं जमवायचा. पुढारीही माजी हवेत. म्हणायचा, "पदावरून उतरलेल्यांना वेळ असतो." तरी उत्तरं यायची ती चिटणिसांच्या सहीची. समोरच्या हेमचंद्र वकिलांकडे मात्र तीन अस्सल सह्या होत्या, आणि रविवारी वाचनालयात दोघांची पत्रं मांडायची होती. वकील येता-जाता विचारायचे, "मास्तर, आलं का काही?" ह्याला अन्न गोड लागेना.

मग कुणीतरी सांगितलं, सांत्वनाची पत्रं मोठी माणसं स्वतः लिहितात. झालं! आईबाप ह्याचे लहानपणीच गेलेले. शिल्लक होते मी, त्याची मावशी. राष्ट्रसभेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, एका माजी अध्यक्षांना ह्यानं माझं निधन कळवून टाकलं. मला पत्ताच नाही.

शुक्रवारी पोस्टमन मच्छिंद्र आला तो टोपी हातात घेऊनच. कार्ड उघडं, वाटेत त्यानं वाचलेलं.

"मावशी, लई वाईट झालं. तुमी वारल्या म्हनून कारड आलंय."

मी वाचायला घेतलं. 'आपल्या मावशींच्या निधनाची वार्ता' इथवर आले आणि हात आपोआप चालला. निधनाचं कार्ड घरात ठेवायचं नसतं, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. चार तुकडे केले, सरळ न्हाणीघरात गेले आणि डोक्यावरून पाणी घेतलं. अंग पुसताना लक्षात आलं, की मेलेली बाई मीच.

यज्ञेश्वर शाळेतून आला, तुकडे पाहिले आणि मटकन खाली बसला.

"अगं, तू जिवंत आहेस ना? मग फाडलंस कशाला?"

"आणि मी जिवंत आहे, तर मारलंस कशाला?"

"आता तू खरोखर गेलीस तरी ते पुन्हा लिहायचे नाहीत!" असं म्हणून हा रडायलाच लागला.

मला असा राग आला, की लाटणंच घेणार होते. पण तो जमिनीवर तुकडे जुळवत बसला होता, आणि एका तुकड्यावरची ओळ माझ्या नजरेस पडली. 'त्यांनी आईची उणीव कधी भासू दिली नाही, असे आपण लिहिता.'

पंचवीस वर्षं ह्याला वाढवला, तोंडानं कधी असा एक शब्द बोलला नव्हता.

"हेही सहीसाठीच लिहिलंस ना रे?"

तो मान खाली घालून म्हणाला, "तू गेलीस, एवढंच खोटं लिहिलं गं."

मी उठले, चुलीवर कणकेची खळ शिजवली आणि तुकडे चिकटवायला बसले. सही अस्सल होती, पण अगदी मधोमध फाटली होती. ती मात्र त्याला लावू दिली नाही, मीच लावली.