खापर गोळीवर

“ते गोळीमुळे आलं असणार,” मास्तर म्हणाले आणि कापडावर खडूची रेघ ओढत राहिले.

दवाखान्यातून नर्सचा फोन येऊन गेला होता. शौचाच्या तपासणीत डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडलं होतं. आता आतड्यात दुर्बीण घालून पाहायला हवं होतं. मुळात नमुना द्यायलाच मास्तरांनी आढेवेढे घेतले होते. बायकोनं डबी हातात कोंबली म्हणून दिला.

मास्तर शिंपी. हृदयाचे ठोके चुकायचे म्हणून रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. शिवताना सुई टोचली, की बोटाला चिंधी गुंडाळून बराच वेळ बसून राहावं लागे.

“बोटातनं येतं तसं तिथनंही येणार. त्यात काय एवढं?”

“बोटाला सुई लागते तेव्हा येतं,” बायको म्हणाली. “आत कोण शिवतंय?”

मास्तर हसले, पण दुर्बिणीचं नाव काढेनात.

पुढे एकदा आवरताना तिला गोळ्यांची पट्टी दिसली. होती तशीच होती.

“थोडे दिवस बंद केल्यात,” मास्तर खाली बघत म्हणाले. “परत नमुना देतो. रक्त नाही निघालं की मिटलं.”

“आणि गुठळी होऊन तुमचा हातच लुळा पडला तर?” तिनं त्यांची चप्पल त्यांच्यापुढे ठेवली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. “काका, ही गोळी मनानं थांबवायची नाही. झटका येऊ शकतो. शौचाच्या तपासणीसाठी ती सहसा थांबवावी लागतच नाही.”

“पण रक्त गोळीचंच ना, मॅडम?”

“असेलही. ही गोळी घेणाऱ्यांना कधीकधी आत काही नसतानाही रक्त दिसतं. पण कधी खरंच काही असतं, आणि गोळीमुळे ते लवकर रक्त सोडतं. यातलं तुमचं काय, ते बघितल्याशिवाय मला नाही सांगता येणार.”

“वडील माझे आतड्याच्या दुखण्यातच गेले,” मास्तर म्हणाले. “पोट धरून बसायचे. मला ते नाव ऐकायचंच नव्हतं.”

बायकोनं वळून पाहिलं. सासरे म्हातारपणानं गेले, एवढंच तिला ठाऊक होतं. इतका संसार झाला, पण हे तिला आज कळत होतं. तिनं खुर्ची तेवढी जवळ सरकवली.

गोळी पुन्हा सुरू झाली. दुर्बिणीआधी ती कधी थांबवायची, ते डॉक्टरीणबाईंनीच ठरवून दिलं. दुर्बिणीत गाठ दिसली. कॅन्सरच होता, पण आतड्याबाहेर पसरला नव्हता. ऑपरेशन करून तेवढा भाग काढला.

मास्तर घरी आले ते निम्मे होऊन. पँट कमरेवर ठरेना. कमरेला नाडी बांधूनच ते दुकानात शिरले.

बायकोनं आजवर काजं-बटणं केली होती, हातशिलाई केली होती. माप मात्र कधी घेतलं नव्हतं. तिनं खुंटीवरची टेप काढली.

“हात वर करा.”

मास्तरांनी गिऱ्हाइकासारखे हात वर केले आणि श्वास रोखून धरला. तिनं टेप कमरेभोवती फिरवली, आकड्यावर बोट ठेवलं आणि तशीच थांबली.

“किती?” त्यांनी विचारलं.

“श्वास सोडा आधी,” ती म्हणाली.