वीस मिनिटं

"आ कर."

राजाबाईंनी तोंड उघडलं आणि शलाका सिस्टरने नाक मुरडून टॉर्च मागे घेतला. हिरड्यांवर काळीकुट्ट मशेरी.

"काय गं हे? तोंड स्वच्छ धुऊन ये, असं काल बजावलं होतं ना?"

"म्हणून तर दोनदा लावली, बाय. मशेरीबिगर तोंड साफ कसं व्हायचं?"

शलाकाने कपाळाला हात लावला. सोनिवलीत टॉवर उभे राहिले, पण ही माणसं काही सुधारायची नाहीत. महिनाभर बाईच्या घशाखाली धड पेज उतरत नव्हती. अन्ननलिकेचं आवळलेलं टोक आज तोंडातून नळी घालून आतल्या आत कापायचं होतं. बाहेर एक टाका नाही. पण तोंडातली घाण त्या कापात उतरली की छातीत पू. हे हिला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

तिने राजाबाईंना बेसिनपाशी उभं केलं आणि औषधाचा ग्लास हातात कोंबला.

"गुळण्या कर. थुंकलीस की परत. ती बघ नळी, आधीच्या पेशंटची. घासून धुतली, तरी वीस मिनिटं औषधात बुडून राहणार. आत्ता नवाला टाकलीय. ती निर्जीव नळी मुकाट ऐकते, आणि तुला जड जातंय!"

राजाबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत गुळण्या करत राहिल्या.

आतून डॉक्टर वरदांची हाक आली.

"सिस्टर, नळी आणा. मला उल्हासनगरला दुसरी केस आहे."

"सर, अजून..."

"धुतलीय ना? मग आणा!"

शलाकाने हातमोजे चढवले आणि नळी औषधातून उचलली.

"बाय," राजाबाई पदराने तोंड टिपत म्हणाल्या, "काटा तर दोनावरच हाय. धाच मिन्टं झाली."

शलाका थबकली. त्या आवाजात टोमणा असता, तर तिने तो परतवला असता.

"माझ्या तोंडातली घाण चालत नाय," राजाबाई म्हणाल्या, "मंग दुसऱ्याची माझ्या तोंडात कशी चालंल?"

नळीवरून थेंब ठिबकत होते. शलाकाने ती पुन्हा औषधात बुडवली आणि घड्याळाकडे पाहिलं. आता वीस मिनिटं पहिल्यापासून मोजायची.

"सिस्टर!"

"साडेनऊ वाजतील, सर."

"काय?"

कोपऱ्यातलं स्टूल उचलून तिने बेसिनपाशी आणून ठेवलं.

"बसा, राजाबाई."