ठमीचं माप

माझे सासरे पेशाने शिंपी. चाळीस वर्षांत त्यांनी शिवलेला एकही शर्ट फिटिंगसाठी परत आला नाही, हे ते आल्या-गेल्याला पाण्याच्या पेल्याबरोबरच सांगतात. दुकान मुलाच्या हाती दिलं आणि त्यांनी घरामागच्या शेडमध्ये लोकरीसाठी बारा ससे पाळले. पिंजरे स्वतः केले, तेही रीतसर माप घेऊन. मांडीवर ससा, गळ्यात टेप, आणि सशाचे कान पाठीवर चापून दाबलेले, कारण मापाच्या वेळी गिऱ्हाइकानं हलायचं नसतं! त्यावर दोन बोटं जास्त धरली की झाला पिंजरा. लेंड्या खाली पडाव्यात म्हणून तळाला तारेची जाळी. फिटिंग असं चोख, की सशाला कूस बदलायची तरी आधी विचार करावा लागे.

त्यातली ठमी सगळ्यांत थोरली आणि सासऱ्यांची लाडकी. दहा-बारा दिवसांत ती विणार होती, आणि ऐन वेळी तिनं खाणं सोडलं. नुसती या पायावरून त्या पायावर भार टाकत बसायची. शेवटी मी जनावरांच्या डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी ठमीला उताणी केली आणि तिचे मागचे तळवे आम्हाला दाखवले. केस झडलेले, कातडी लालभडक, एका पायाला उघडी जखम. मला तर बघवेना.

"तारेवर बसून बसून झालंय हे," बाई म्हणाल्या. "तिला सपाट जमीन हवी, वर गवत हवं. कान ताठ करून उभं राहता आलं पाहिजे, चार उड्या मारता आल्या पाहिजेत. इथंच ठेवलीत तर ती पिल्लांना दूध पाजायला उठायची नाही. पिल्लं जातील, कदाचित तीही."

सासरे आधीच तापलेले. "अंथरूण पाहून पाय पसरावेत, डॉक्टर."

"अहो, पण अंथरूण कुठाय तिला? नुसती तार आहे!"

बाई मलम देऊन गेल्या. सासरे दिवसभर धुसफुसत राहिले. "माझं माप चुकलं म्हणे! कालची पोर ती!" सासूबाई आतून म्हणाल्या, "चुकलं नसेल हो. सशीच वाढली असेल तुम्हाला न विचारता." झालं, दुपारी ते सासूबाईंकडे पाठ करून जेवले.

पालथ्या घड्यावर पाणी, हे मला कळत होतं. तरी हात धुताना मी विचारलंच, "बाबा, शर्टाचं माप घेताना तुम्ही गिऱ्हाइकाला हात वर करायला का लावता?"

"हात वर केल्यावर काखेत उसवायला नको म्हणून. उभ्या माणसाचं माप घेऊन भागतं होय? तो बसणार, वाकणार, लेकराला उचलणार…" आणि तिथंच ते थांबले.

मी नुसता टॉवेल पुढे केला. सुनेनं कुठं थांबावं हे मला कळतं, कधी कधी.

त्यांनी ठमीला जाड घोंगडीवर ठेवलं आणि तिच्या डोक्यावर गाजराचा पाला धरला. दुखऱ्या पायांनी ती क्षणभरच उभी राहिली, कान ताठ. सासऱ्यांनी टेप लावली. सव्वीस इंच. पिंजऱ्याची उंची चौदा. मग ते बराच वेळ टेप गुंडाळत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं कपडे बेतायचं टेबल तोडलं. या टेबलावर मी एकदा चहाचा कप ठेवला होता, तर घरात आठवडाभर त्याचीच चर्चा होती. त्याच्या फळ्यांची शेडमध्येच जमीन झाली, वर वीतभर गवत पसरलं, भोवती कमरेइतकं कुंपण. ठमी आत गेली, कोपऱ्यात बसली आणि हललीच नाही.

एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. पाय भरत आले, खाणंही सुरू झालं, पण फिरायची ती तेवढ्याच जागेत. सासऱ्यांनी वाकून तेवढी जागा मोजली. लांबी-रुंदी हुबेहूब जुन्या पिंजऱ्याची. "आतापर्यंतचं सगळ्यांत पक्कं फिटिंग," ते म्हणाले. कुंपण ओलांडून ते आत गवतावर मांडी घालून बसले. "चुकलं गं माझं," ते तिला म्हणाले. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली, हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले.

आठव्या दिवशी सकाळी ठमीनं तोंडात मावेल तेवढं गवत धरलं. पिल्लांसाठी जागा करायची होती तिला. कोपऱ्याच्या कडेला येऊन ती थबकली. मग एक उडी. दुसरी. तिसरी. चौथीला ती पलीकडच्या कुंपणाशी पोचली, गवत ठेवलं, आणि आणखी आणायला परत फिरली.

मी टाळ्या वाजवायच्या बेतात होते. सासरे मात्र तिच्याकडे बघतच नव्हते. त्यांनी मान फिरवली होती. समोर अकरा पिंजरे होते, आणि प्रत्येकात एकेक ससा कान पाठीला लावून बसला होता, माप घेताना बसवला होता तसाच.