दुसरा पत्ता

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. तापीकाठी आमची केळी आहे. वाऱ्यानं अख्खी ओळ आडवी झाली तरी माझे वडील जेवढे तापत नाहीत, तेवढी मी संगणकावरच्या एका चुकलेल्या कंसावर तापते. नंदुरबारच्या एका आरोग्य संस्थेत मी कामाला आहे. रुग्णाची नोंद कशी असावी, त्याचे नियम मी लिहिते. नाव हवंच, जन्मसाल हवंच, सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीचा निकाल ठरलेल्या शब्दांतच हवा. नोंद त्या नियमांत बसली तरच पुढच्या दवाखान्याचा संगणक ती घेतो.

गायत्रीची नोंद तो घेत नव्हता. तिसऱ्यांदा परत आली होती आणि कारण म्हणून एकच शब्द, 'अमान्य'. गायत्री मोलगीच्या वरच्या पाड्यावरची. सिकलसेलची रुग्ण, त्यात सहावा महिना. नवरा दलसिंग ऊसतोडीला गुजरातेत निघाला होता, म्हणजे तीही निघाली. अक्कलकुव्याहून टेम्पो चार वाजता सुटणार होता. गेल्या हंगामात तिकडे तिचे सांधे असे धरले की उभंही राहवेना. तिथल्या दवाखान्यात तिचा आजार कोणालाच ठाऊक नव्हता. दुखण्याची गोळी देऊन परत पाठवलं आणि मूल पोटातच गेलं. या वेळी ती पोहोचायच्या आत तिची नोंद पोहोचायला हवी होती.

दुपारचा एक वाजला होता. नोंदी भरणाऱ्या नर्स निर्मलाबाई माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या. तीस वर्षं डोंगर चढलेली बाई. महिनाभर मी त्यांना ऐकवत होते, "सिस्टर, तुम्ही नीट भरत नाही." त्याही ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या.

"तुन्हा कॉम्प्युटरलेच ताप येल शे," त्या म्हणायच्या. "पयले त्याले तपास."

शेवटी मी एडिटरमध्ये एक नवं एक्स्टेंशन टाकलं. ज्या एडिटरमध्ये मी नियम लिहिते आणि नोंदी तपासते, त्यालाच हे जोडायचं. नोंद नियमाला सोडून असली की ते त्या ओळीखाली लाल नागमोडी रेघ ओढतं. निदान तसा त्याचा दावा होता. टाकलं, तर एकही रेघ नाही! बंद केलं, चालू केलं, काढून पुन्हा टाकलं. मी टेबलावर हात आपटला.

"नवा जवाई शे तो," निर्मलाबाई म्हणाल्या. "बोलाले लाजस."

मग मी सूचना शेवटपर्यंत वाचल्या, जे मी कधीच करत नाही. मी नुसती गायत्रीची फाइल उघडली होती. उघडायचं होतं अख्खं फोल्डर, म्हणजे नियमांची फाइलही त्याला दिसली असती. शिवाय माझे नियम ज्यांवर बेतलेले असतात, त्या मूळ व्याख्यांचा एक गठ्ठा आधी डाउनलोड करायचा होता. ऑफिसचं नेट रांगत होतं. मी मोबाइल खिडकीत ठेवून हॉटस्पॉट लावला आणि पडद्यावरच्या टक्क्यांकडे बघत बसले. साठ. सत्तर. नव्वदला अडकलं तेव्हा निर्मलाबाईंनी चक्क हात जोडले. तीन वाजता गठ्ठा उतरला आणि दुसऱ्याच क्षणी रेघ उमटली. लालभडक!

"सिस्टर, बोलला!" मी खुर्चीतून उडालेच.

रेघ पत्त्याखाली होती. माउस नेला तशी बारीक चौकट उघडली. पत्ता एकच चालेल, इथे दोन आहेत. एक मोलगीचा पाडा, दुसरा गुजरातेतला ऊसतोडीचा तळ.

"म्हटलं नव्हतं मी? एका माणसाला दोन पत्ते कशाला हवेत?" मी खालचा पत्ता खोडला. रेघ गेली. मी टाळी वाजवली आणि नोंद पाठवायला बोट उचललं.

निर्मलाबाईंनी माझं मनगट धरलं.

"थांब व बेटी. तू जो पत्ता खोडा, तठेच ती आज जाई ऱ्हायनी."

"पण घर तर पाड्यावर आहे ना तिचं?"

"सहा महिना आठे, सहा महिना तठे. तठला दवाखाना तठला पत्ता दखीसनच तिले आपली मानस. तो खोडा ते नोंद जाई, पन गायत्री कोनले सापडाव नही."

माझं तोंड उतरलं. कारण तो नियम मीच लिहिला होता. पत्ता एक, फक्त एक. आमच्या गावात माणूस ज्या घरात जन्मतो त्याच घरात मरतो, म्हणून दुसरा पत्ता असू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. निर्मलाबाई महिनाभर बरोबर भरत होत्या आणि माझ्या चोराच्या उलट्या बोंबा चालल्या होत्या. मला फार लाज वाटली.

"सिस्टर, चूक माझी आहे. माफ करा."

"माफीनं मंग दखू. पयले दुरुस्त कर, साडेतीन व्हयनात."

खोडलेला पत्ता परत आणला. नियमात 'एक' होतं तिथे 'एक किंवा अधिक' केलं. रेघ नाहीशी झाली. फोल्डरमधल्या बाकीच्या नोंदी बघितल्या. कालीबाई, दिवाल्या, ऊसतोडीला जाणारे सगळे माझ्याच नियमानं अडवलेले होते आणि आता त्यांच्याही रेघा गेल्या होत्या. नियमांची नवी आवृत्ती तिकडच्या दवाखान्याच्या संगणकावर चढवली आणि मग गायत्रीची नोंद पाठवली. पडद्यावर गोल फिरत राहिला.

'स्वीकारली.'

मी इतक्या मोठ्यानं ओरडले की खालच्या मेडिकलवाल्यानं वर बघितलं. निर्मलाबाईंना मिठी मारली. त्यांनी लगेच गायत्रीला फोन लावला, पण तो लागेना. व्यस्त. पुन्हा व्यस्त. चार वाजून गेले, तरी व्यस्तच.

सव्वाचारला गायत्रीचाच फोन आला. मागे टेम्पोचा आवाज होता. निर्मलाबाई तिच्याशी भिलीत बोलल्या. मला एक अक्षर कळत नव्हतं. त्यांचे डोळे भरून आलेले तेवढे दिसले.

"काय झालं? सांगा ना!"

"तठली नर्सना फोन येल व्हता तिले, म्हनीसन लागत नव्हता." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "गायत्री म्हनस, गेल्या साले त्यासनी माले ईचारं, तू कोन? औंदा ईचारं, तू कव्हा येशी?"