तिघांचा फोटो

आमच्या घरात फोटो पुष्कळ आहेत, पण सगळे दोघांचे, नाहीतर चौघांचे. येणारा माणूस भिंतीकडे बघतो आणि विचारतो, "हेमचंद्रजी, तुम्हां तिघांचा नाही का एखादा?" मी चहाचं बघतो म्हणून उठतो. प्रत्येकाला काय सांगत बसायचं?

माझ्या बायकोचं, शर्मिलाचं माहेर अमरावतीकडचं. तिघांनी मिळून फोटो काढू नये, त्यातला एक जण कमी होतो, हे ती तिकडून घेऊन आली आणि जबलपुरात इतकी वर्षं काढूनही तिनं ते सोडलं नाही. आम्हांला मूल एकच, ऋचा. म्हणजे आमचं घरच तिघांचं. ऋचा लहान असताना ओमती भागातल्या एका स्टुडिओत गेलो, तर हिनं तिच्या मांडीवर बाहुली बसवली. फोटोग्राफर म्हणाला, "भाभीजी, गुड़िया हटा दीजिए." ही म्हणाली, "नहीं, वो चौथी है." पुढे बाहुलीच्या जागी शेजारच्या बेबीताई आल्या. वाढदिवस असो, दिवाळी असो, त्या बिचाऱ्या हात पुसत यायच्या आणि कडेला उभ्या राहायच्या. मी चिडायचो, पण शर्मिला ऐकायची नाही.

बारावीनंतर ऋचा आजारी पडली. रक्ताचा आजार. कॉलेजात नाव घातलं होतं, ते तसंच राहिलं. उपचारांना नागपूरला न्यायचं, आणलं की खोलीत ठेवायचं, गर्दीत न्यायचं नाही. वाढदिवसाला काय हवं विचारलं तर म्हणाली, "डिजिटल कॅमेरा. पण फोटो तुम्ही काढायचे बाबा, मी इथे पडल्या पडल्या पाहीन." तेव्हा मोबाइलमधले फोटो धुरकट यायचे. मी सदर बाजारातून साबणाच्या वडीएवढा एक कॅमेरा आणला.

माझी नोकरी वीज मंडळातली, पण घरातला मिक्सरसुद्धा मी भीत भीत चालवतो. पहिल्याच रविवारी ऋचानं मला ग्वारीघाटला पिटाळलं. मी नर्मदा काढली, नावा काढल्या, फुलांच्या द्रोणांची दुकानं काढली. दर वेळी कॅमेरा 'पिक' करायचा आणि मी खूश व्हायचो. घरी येऊन बघतो तर आत एकही फोटो नाही. ऋचाला हसता हसता खोकला आला. "अहो बाबा, बटन आधा दाबलं की नुसता फोकस होतो! पूरा दबाना पड़ता है!" म्हणजे सबंध सकाळ मी नुसता नेम धरत हिंडलो होतो.

पुढच्या खेपेला बटन पूर्ण दाबलं, तर प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात माझं बोट. त्यावरही दोन दिवस हसणं झालं. मग हळूहळू जमायला लागलं. अधारतालच्या रस्त्यावरच्या भाजीवाल्या, सदरमधला तिचा चाटवाला, तिच्या कॉलेजचं फाटक, असं मी जमेल ते तिला आणून दाखवायचो. फाटकाचा फोटो ती बराच वेळ बघत राहिली. तिकडे जायची दुर्बुद्धी मला कुठून झाली, असं झालं मला. "चांगला आलाय," ती म्हणाली. "बस, जरासा वाकडा आहे."

टायमर तिनंच शोधून काढला. कॅमेरा कपाटावर ठेवायचा, बटन दाबायचं, समोरचा लाल दिवा लुकलुकतो, तेवढ्यात येऊन आपल्या जागेवर बसायचं. काढणारा वेगळा लागतच नाही.

"आई, चल! आपण तिघं!"

"नाही," शर्मिला म्हणाली.

"काहून पण?"

"तुला माहीत आहे काहून. थांब, बेबीताईंना हाक मारते."

मग तो रोजचाच प्रकार झाला. ऋचा विचारायची, लाडीगोडी लावायची, रुसायची आणि शर्मिला नाही म्हणायची. एकदा माझं डोकं फिरलं. "अगं, पोरगी एवढी मागून राहिली," मी स्वयंपाकघरात जाऊन म्हणालो, "अन् तू काय अडाण्यासारखी करून राहिली?"

तिनं गॅस बारीक केला. "तुम्ही तिच्यासाठी किती काय करून राहिले. डॉक्टर पाहता, दवाई आणता, नागपूरला नेता. माझ्या हातात एवढंच आहे. एवढं तरी करू द्या मला."

त्यानंतर त्या विषयात मी तोंड घातलं नाही.

नागपूरच्या शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी आम्हां दोघांना वेगळं बसवलं. आता करण्यासारखं काही उरलं नाही, घरी न्या, तिला आवडेल ते करू द्या, म्हणाले. ऋचाला आम्ही सांगितलं की औषधं बदलली आहेत, थोडे दिवस आराम, मग पुन्हा बघू. परतीच्या गाडीत मी विनोदसुद्धा केले. असं काही लपवायचं असताना माणूस किती बडबड करू शकतो! तिला ते पटलं असावं. येत्या जुलैत कॉलेज सुरू करायचं म्हणाली, आणि मी लगेच हो म्हणालो.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी, खिचडी खाता खाता तिनं सवयीनं विचारलं, "आई, तिघांचा?"

"चल, काढू," शर्मिला म्हणाली.

मला मूर्खाला आनंद झाला. खरंच झाला. ताट तसंच टाकून मी उठलो, कपाटावर पुस्तकं रचली, त्यावर कॅमेरा बसवला, पलंग नीट दिसतोय ना ते बघितलं. शर्मिलानं ऋचाच्या डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि ती तिच्याशेजारी बसली. मी बटन पूर्ण दाबलं आणि लगबगीनं जाऊन दुसऱ्या बाजूला टेकलो. दिवा लुकलुकायला लागला.

ऋचा कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. ती आईकडे बघत होती.

"आई, आज काहून हो म्हणाली तू?"

शर्मिलानं तिचा रुमाल पुन्हा सारखा केला. ऋचानं माझ्याकडे बघितलं. मी दिव्याकडेच बघत राहिलो. नागपूरपासून आम्ही दोघांनी जे जिवापाड लपवून आणलं होतं, ते तिला कळलं होतं. आईनं हो म्हटलं, एवढ्यावरून कळलं. फ्लॅश पडला.

कोणीच हललं नाही.

"बाबा," ऋचा म्हणाली, "तो फोटो पुसून टाका."

"अगं, राहू दे ना."

"नाही. पुसा, प्लीज."

मी गेलो आणि पुसला. पुसण्याआधी एकदा बघितला. त्यात आम्ही तिघंही होतो.

मी वळलो तेव्हा तिनं आईचा हात हातात घेतला होता. मला वाटलं, आता ही रडेल, आणि मग आपलं काही खरं नाही. पण ती म्हणाली, "आई, मी पुन्हा विचारते हं. तू नाही म्हण." आणि अगदी रोजच्या लाडाच्या आवाजात तिनं विचारलं, "चल ना आई, तिघांचा काढू?"

शर्मिलानं मांडीवरचा पदर सारखा केला.

"नाही," ती म्हणाली. "एकदा सांगितलं ना. तिघांचा काढायचा नाही."

"बरं," ऋचा म्हणाली आणि तिनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं.

पुढे ती होती तोवर रोज विचारत राहिली. अखेरीस तिचा आवाज फुटायचा नाही, ती नुसती आईकडे बघायची. शर्मिला तेव्हाही नाहीच म्हणायची.