सात नंबरचा खांब

दापोड्याच्या ज्या गोडाऊनमध्ये मी सेफ्टी ऑफिसर आहे, तिथे भिंतीवर एक वही टांगलीय. फोर्कलिफ्ट रॅकला लागली की ड्रायव्हरने त्यात लिहायचं. सहा महिन्यांत वहीत एक ओळ नाही, आणि रॅकचा सात नंबरचा खांब गुडघाभर उंचीवर वाकलेला. वर तीन थर तेलाचे डबे, खाली स्टुलावर बसून तुळजाताई पॅकिंग करते. खांब कोसळला तर पहिली ती जाणार. तिला हलवा म्हटलं तर मालक दुसरी जागाच नाही म्हणतात.

फोर्कलिफ्ट चालवतो विठू, तुळजाताईच्याच पाड्यावरचा. त्याला दहा वेळा विचारलं. दहाही वेळा एकच उत्तर, लागलंच न्हाय. चोर तो चोर, वर शिरजोर, असं म्हणून मी धुमसत राहिले.

शेवटी त्याला समोर उभं करून शिकवलं. पडघ्याच्या हायवेवर ट्रकच्या काचेवर पाखरू आपटतं. जेवढा जोर पाखराला बसतो, तेवढाच ट्रकलाही बसतो, अगदी तेवढाच. पण पाखरू चिरडतं आणि ट्रकचा वेग केसभरही कमी होत नाही. तसंच तुझ्या गाडीचं आणि खांबाचं. विठूने शांतपणे विचारलं, मग ट्रकवाल्याला कळणार कसं? मला वाटलं, हा माझीच टिंगल करतोय.

रागाच्या भरात मीच गाडीवर चढले. लायसन्स माझ्याकडेही आहे. मालासकट चार टनांची ती गाडी सातव्या रांगेतून मागे घेतली, वळवली, उतरले आणि त्याला ऐकवलं की लक्ष असलं की जमतं. तुळजाताईने फक्त बोट दाखवलं. खांबाचा पिवळा रंग ताजा खरवडलेला होता, आणि ती स्टूल सोडून भिंतीला चिकटून उभी होती.

मला काहीच जाणवलं नव्हतं. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नाही. ज्याला मी सहा महिने खोटारडा ठरवत होते, तो खरं बोलत होता. धक्का कळतो खांबाखाली बसणारीला, आणि वही मी भलत्याच्याच हातात दिली होती.

दुसऱ्या दिवशी तुळजाताईने घरची बैलाची घुंगरमाळ आणून खांबाला बांधली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती अकरा वेळा वाजली. अकरा ओळींची वही घेऊन मी मालक भाविकशेठकडे गेले. खांब बदलायला दोन दिवस रांग रिकामी ठेवावी लागेल, ते जमणार नाही, म्हणाले. वर उद्या तेलाच्या कंपनीची माणसं बघायला येणार, हा काय गुरांचा बाजार मांडलाय, आधी ती माळ काढा. मी नियम सांगितले, कलमं सांगितली. पालथ्या घड्यावर पाणी.

माळ सोडायला शेठ स्वतःच आले. तुळजाताईने स्टूल पदराने पुसलं आणि पुढे सरकवलं.

"बसा शेठ हिथं. इठूला दोन फेऱ्या मारू द्या. मंग माळ मीच सोरते."

सगळ्या बायका बघत होत्या, म्हणून शेठ हसत बसले. मी अडवायला हवं होतं. नाही अडवलं.

विठूने गाडी नेहमीसारखी, जपूनच मागे घेतली. माळ खणखणली, वरचे डबे एकमेकांवर वाजले, आणि शेठ स्टूल पाडून थेट रांगेबाहेर पोचले. तोंडाचा रंग उडाला होता.

विठूने गाडी थांबवली, मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी मनापासून विचारलं, "लागलं का, मॅडम?"